नव्या वर्षी घरावरची माती उतरावी



नवीन वर्ष लागले म्हणजे आपण एकमेकांस भेटून "वर्ष सुखाचे जावो" असे म्हणतो. घराला चुना लावितो, अंगण सारवितो, दाराशी दिवा ठेवितो, मुलांस नवे कपडे करितो. हे सर्व चांगलेच आहे. तथापि ह्या कामांत एक गोष्ट सारखी दिसून येते. ती अशी की, आपण जुन्यावर नवे चढवितो. जुने काढून त्याच्या खाली काय आहे हे पाहत नाही. चुन्याखाली भेग तशीच राहते. नव्या कर्जाखाली जुने कर्ज तसेच राहते. नव्या वर्षाच्या गोड शब्दांखाली भावाभावांतील जुना तंटा तसाच राहतो. आणि ज्या गोष्टीवर आपण वर्षानुवर्षे थर चढवीत जातो ती एके दिवशी आपल्याच अंगावर येते. आजच्या पाठाचा विषय हाच आहे.

हा पाठ घरधन्यांकरिता व घरधनिणींकरिता लिहिला आहे. घर दोन खणांचे असो की दहा खणांचे, ज्याच्या छपराखाली लेकरे निजतात तो घरधनी होय व त्याच्या माथी जबाबदारी आहे. जानेवारीचा महिना ह्या कामास फार सोयीचा. पाऊस जाऊन पुष्कळ दिवस झालेले असतात व भिंती सुकलेल्या असतात. खरिपाचे पीक घरात आलेले असते. पुढचा पाऊस पाच महिने दूर असतो. जे पाहावयाचे व जे दुरुस्त करावयाचे त्यास ह्याहून चांगला काळ वर्षात दुसरा नाही.

१. माळवदाचे घर

मराठवाड्यात व त्याच्या आसपासच्या कोरड्या मुलखात माळवदाची घरे पुष्कळ आहेत. कित्येक ठिकाणी त्यांस धाब्याची घरे म्हणतात. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या लाकडांची दाट मांडणी, तिच्यावर पाला, आणि त्यावर चोपून बसविलेली पांढरी माती, अशी त्याची रचना असते. हे घर उन्हाळ्यात थंड राहते व हिवाळ्यात उबदार राहते. आपल्या वाडवडिलांनी ते मूर्खपणाने बांधिले नाही. जवळ जे होते त्यातून शहाणपणाने बांधिले.

परंतु त्यात एक खोड आहे. दोन-तीन वर्षांत पावसाने माती धुपते, भेगा पडतात आणि छप्पर गळू लागते. मग घरधनी काय करितो? रोहिणीच्या आधी गाडीभर माती आणून वर पसरितो व चोपितो. गळणे थांबते. पुढे पुन्हा गळते. तो पुन्हा माती टाकितो. त्याच्यामागे त्याचा मुलगा तेच करितो. जुनी माती काढून मग नवी टाकावी असे फारच थोड्यांच्या मनात येते, कारण काढण्यास श्रम फार आणि टाकण्यास कमी.

आता असे एक घर डोळ्यांपुढे आणा. नव्या वर्षाचा पहिला दिवस आहे. म्हातारा घरधनी ओसरीवर बसला आहे व मनात हिशेब करीत आहे की, यंदा वर टाकावयास किती माती लागेल. इतक्यात सून पाण्याचा तांब्या घेऊन येते व म्हणते,

"मामंजी, ओसरीवरची तुळई मधोमध वाकली आहे. पोरे तिच्याखालीच निजतात. यंदा वर आणखी माती टाकू नये असे मला वाटते."

म्हातारा म्हणतो, "अगं, माझ्या वडिलांनी टाकली, मी टाकीत आलो. न टाकली तर गळेल."

सून म्हणते, "गळेल तर आपण भिजू, मामंजी, पण ती खाली आली तर?"

म्हातारा निरुत्तर झाला. वाचकहो, ह्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? उत्तर देण्यापूर्वी थोडे गणित करू.

एक खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब आहे असे समजा. तिच्यावर एक इंच जाडीचा मातीचा थर टाकिला तर ती माती दहा घनफूट होते. चोपलेल्या मातीचे वजन घनमीटरास सुमारे सोळा क्विंटल धरिले, तर ह्या एका थराचे वजन साडेचार क्विंटल भरते. म्हणजे एका वेळी आपण धान्याची साडेचार पोती कायमची छपरावर नेऊन ठेवितो. असे करिता करिता थर हातभर, म्हणजे दीड फूट झाला, तर त्या एकाच खोलीवर एकशे ऐंशी घनफूट माती झाली. गवंड्यांच्या भाषेत पावणेदोन ब्रासांहून अधिक. तिचे वजन सुमारे आठ टन. पावसाने ती भिजली म्हणजे वजन ह्याहूनही वाढते. आणि खालच्या तुळया मात्र आजोबांच्या वेळच्याच. त्यांत काही वाढ झालेली नाही. उलट वाळवीने त्या मुक्याने खाल्ल्या जात आहेत.

२. तीस सप्टेंबर १९९३

हे गणित कागदावरचेच राहिले असते तर बरे झाले असते. पण आपल्या महाराष्ट्राने ते डोळ्यांनी पाहिले. सन १९९३ च्या सप्टेंबरची तीस तारीख. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा निजले होते. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर ह्यांच्या परिसरात भूकंप झाला. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने तो मध्यमच होता. त्याचे मान सहापेक्षा थोडे अधिक होते. तरी काही क्षणांत गावेच्या गावे ढिगारा होऊन पडली. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मेली; दुसऱ्या कित्येक अंदाजांत हा आकडा ह्याहून मोठा आहे.

जाणत्या लोकांनी पुढे ढिगारे तपासून कारणे सांगितली. ती आपण नीट लक्षात घेतली पाहिजेत, कारण ती आजही आपल्या गावांतील घरांत आहेत.

पहिले कारण, छपरावरील मातीचा भार. तो पुष्कळ घरांवर दीड-दोन फूट जाडीचा होता.

दुसरे कारण, भिंतीची बांधणी. जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते. पण ती वास्तविक दोन भिंतींची असते. आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, आणि मध्ये माती व दगडांची कपची भरलेली. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारे आरपार जाणारे लांब दगड घातलेले नव्हते. धक्का बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले व कोसळले.

तिसरे कारण, चारही भिंतींना कंबरपट्ट्याप्रमाणे एकत्र बांधणारे काहीच नव्हते. प्रत्येक भिंत एकटीच उभी होती आणि एकटीच पडली.

ह्याच्या उलट दोन गोष्टी दिसून आल्या. जेथे छपराचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता, तेथे काही ठिकाणी भिंती पडल्या तरी छप्पर उभे राहिले व खालची माणसे वाचली. आणि गावाच्या कडेला गोरगरिबांच्या गवताच्या छपराच्या हलक्या झोपड्या होत्या, त्यांपैकी पुष्कळ पडल्या नाहीत. मोठे जड घर पडले व हलकी झोपडी राहिली. तिचे दारिद्र्य तिच्या उपयोगी पडले असे म्हणू नये, कारण दारिद्र्य कोणाच्याच उपयोगी पडत नाही. परंतु जो भार आपण प्रतिष्ठेचा व सुरक्षिततेचा समजतो तोच कधी घातक ठरतो, एवढे त्यावरून समजावे.

"आमच्या भागात भूकंप होत नाही" असे कोणी म्हणेल. किल्लारीच्या परिसरातील लोकांसही तसेच वाटत होते. त्या भूभागास विद्वान लोकही स्थिर समजत असत. शिवाय भार वाढलेले छप्पर पडावयास भूकंपच पाहिजे असे नाही. वाळवीने खाल्लेली एक तुळई आणि चार दिवसांची झड एवढे पुरे होते. भिंत पडून माणसे दगावल्याची बातमी आपण पावसाळ्यात ऐकतोच.

३. घर पाहण्याची रीत

घर वरून खाली न पाहता खालून वर पाहावे. घरातील कर्त्या माणसाने एकट्याने न पाहता बायको, मुलगा, सून ह्यांस बरोबर घ्यावे; कारण जो दिवसभर घरात वावरतो त्यास घराची दुखणी अधिक ठाऊक असतात.

पहिले, जोते व पाया. घराच्या चारही बाजूंनी फिरावे. मोरीचे सांडपाणी पायात मुरते काय? मुरत असेल तर आधी ते पाणी चरीने दूर न्यावे व शोषखड्डा करावा. घुशींची बिळे पायाशी दिसल्यास ती खडी व दगड ठासून बुजवावी. पाया खचला तर वरची कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

दुसरे, भिंती. ओळंबा लावून पाहावे. भिंतीने पोट काढिले आहे काय? पोट काढणे ह्याचा अर्थ आतला व बाहेरचा थर एकमेकांपासून सुटू लागला आहे. कोपऱ्यात उभी भेग आहे काय? भेगेवर कागदाची पट्टी घट्ट चिकटवावी व तिच्यावर तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांत पट्टी फाटली तर भेग वाढत आहे असे समजून जाणत्या माणसास बोलवावे. भेगेत नुसती माती भरून वर चुना लावू नये. दाराची चौकट तिरपी होऊन दार अडकू लागले असेल तर तीही भिंतीचीच तक्रार समजावी.

तिसरे, लाकूड. प्रत्येक खांबाच्या बुडाशी व तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी टोचणीने टोचून पाहावे. वाळवी बाहेरून दिसत नाही. पण टोचणी सहज आत शिरली तर लाकूड पोकळ झाले आहे. वाकलेल्या तुळईखाली तात्पुरता टेकू त्याच दिवशी द्यावा. "उद्या पाहू" असे म्हणू नये.

चौथे, छप्पर. कुदळीने एका कोपऱ्यात माती खणून तिची जाडी मोजावी. पुष्कळ घरधन्यांस आपल्या डोक्यावर किती माती आहे हे मुळीच ठाऊक नसते. छपरावरचे पाणी पन्हाळीतून भिंतीपासून दूर पडते की भिंतीवरूनच ओघळते, हेही पाहावे.

पाचवे, विजेच्या तारा. पत्र्याच्या घरात ही गोष्ट जिवावर बेतते. उघडी जोडतार पत्र्यास किंवा कपडे वाळत घालण्याच्या तारेस लागत नाही ना, आणि घरास अर्थिंग आहे ना, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे.

४. माती कशी उतरावी

माती उतरविणे हे काम सावधपणे करावे. आधी खालच्या तुळयांस टेकू द्यावे. काम चालू असता खाली कोणासही बसू किंवा निजू देऊ नये. छपरावर एकाच वेळी पुष्कळ माणसांनी चढू नये. एका बाजूची सर्व माती काढून दुसरी बाजू भरलेली ठेवू नये; पातळ थराथराने सर्वत्र सारखी काढीत जावे, म्हणजे भार एकदम एका अंगास जात नाही. काढलेली माती भिंतीशी ढीग करून ठेवू नये; शेतात किंवा अंगणात दूर न्यावी.

किल्लारीच्या भूकंपानंतर दुरुस्तीची जी कामे झाली त्यांत माळवदाची माती सुमारे आठ इंचांपर्यंत कमी करावी, मध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा म्हणजे पाणी खाली उतरत नाही, आणि वरून उतार द्यावा, अशी रीत सांगण्यात आली. आपल्या मघाच्या खोलीवर दीड फुटाऐवजी आठ इंच माती ठेविली तर भार आठ टनांवरून साडेतीन-पावणेचार टनांवर येतो, म्हणजे निम्म्याहून कमी होतो. गळणेही थांबते. ह्यास विटांचे नवे घर लागत नाही. चार माणसांचे काही दिवसांचे श्रम व एक प्लॅस्टिकचा कागद एवढे लागते.

खांब व तुळई जेथे मिळतात त्या कोनात तिरपे लाकडी टेकू खिळ्यांनी किंवा बोल्टांनी बसवावे. त्यामुळे सांगाडा डोलत नाही. जुन्या दगडी भिंतीत सुमारे हात-दोन हातांच्या अंतराने आरपार भोके पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरितात; त्याने दोन्ही थर एकमेकांस धरून राहतात. हे काम मात्र स्वतः करू नये. भिंत पोखरताना ती पडू शकते. जाणत्या गवंड्याच्या व अभियंत्याच्या देखरेखीखाली करावे. नवे घर बांधणाऱ्याने तर आरपार दगड आरंभापासूनच घालावे, उंचीत दर दोन फुटांस व लांबीत दर चार फुटांच्या आत. आणि चौकटींच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारा सळईचा काँक्रीटचा पट्टा घालावा. खर्च वाढेल, परंतु रंगावर व दर्शनी नक्षीवर जो खर्च आपण करितो त्यातून तो निघेल.

येथवर दगडमातीच्या घराविषयी झाले. परंतु घर केवळ दगडमातीचे नसते. घरावर दुसरेही थर चढत असतात, व ते ह्याच रीतीने चढतात.

५. कर्जाचा थर

"नवे-जुने करणे" हा शब्द शेतकऱ्यांस सांगावयास नको. मार्चअखेर आली म्हणजे जुने कर्ज भरावयाचे. हाती पैसा नसतो. मग कोणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी उसने घेऊन सोसायटीत भरावयाचे, लगेच नवे कर्ज उचलावयाचे व उसने फेडावयाचे. कागदावर कर्ज नवे झाले, पण ओझे तेच; उलट उसन्यावर दिलेल्या व्याजाचा एक थर वर चढला. हेही माळवदावर माती टाकण्यासारखेच आहे. गळणे तेवढ्यापुरते थांबते, आणि भार वाढतो.

खाजगी उसनवारीचे गणित पाहा. कोणी वीस हजार रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने घेतले. ऐकावयास तीन रुपये म्हणजे थोडे वाटतात. पण वर्षाचे ते छत्तीस रुपये होतात. वर्षाअखेर व्याज न देता ते मुद्दलात मिळविले तर पहिल्या वर्षाच्या शेवटी सत्तावीस हजार दोनशे, दुसऱ्याच्या शेवटी सदतीस हजारांच्या जवळपास, आणि तिसऱ्याच्या शेवटी पन्नास हजारांहून अधिक देणे होते. तीन वर्षांत अडीच पट! घेतले ते लग्नाच्या मांडवात एका दिवसात संपले.

म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एका वहीत तीन रकाने करावे: कोणाचे देणे, मूळ किती, आज किती. किराणा दुकानाची उधारी, बचत गटाचे हप्ते, सोसायटीचे पीककर्ज, सोने गहाण ठेविले असल्यास त्याची पावती, हे सर्व त्यात लिहावे. बायकोपासून लपविलेले कर्जही लिहावे; कारण लपविलेला भार सर्वांत आधी कोसळतो. नंतर ज्याचे व्याज सर्वांत जड ते आधी फेडण्याचा बेत करावा. पीक विकल्यावर पहिली पिशवी त्याची समजावी. आणि ह्या वर्षी निदान एक थर काढल्याशिवाय नवा थर चढवावयाचा नाही, असा निश्चय करावा.

परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्रात सन २०१४ च्या सावकारी नियमनाच्या कायद्याने गुन्हा आहे. असा सावकार घराचा किंवा जमिनीचा कागद दाबून बसला असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, ह्यांच्या कचेरीत लेखी तक्रार करिता येते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. हे मुलांसही शिकवून ठेवावे.

६. कागदांचा थर

पुष्कळ घरांत आजोबा वारून तीस वर्षे झाली, पण घर व जमीन त्यांच्याच नावावर आहे. वडील वारले, तरी नोंद झाली नाही. आता चुलते, चुलतभाऊ, आत्या, आत्यांची मुले असे वीस-पंचवीस वारस झाले. पहिल्या पिढीत जे काम एका अर्जाने झाले असते ते तिसऱ्या पिढीत कज्ज्यावाचून होत नाही. न केलेल्या कामाचाही थर चढतो, हे ह्यावरून दिसेल.

शेतजमीन वारसाहक्काने मिळाली असता तिची खबर तीन महिन्यांच्या आत महसूल अधिकाऱ्यास द्यावी असा नियम आहे. मृत्यूचा दाखला व वारसांची यादी जोडून अर्ज करावा व फेरफार झाल्यावर नवा सात-बारा उतारा स्वतः वाचून पाहावा. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीतील नमुना आठचा उतारा काढावा. तथापि तो कर आकारण्याचा उतारा आहे, मालकीचा पूर्ण पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवावे. सन २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके देण्यात येतात. आपल्या गावाची मोजणी झाली असल्यास आपल्या घराची लांबीरुंदी व नावे त्यात बरोबर आहेत काय हे पाहावे.

घर पतिपत्नी दोघांच्या नावे असावे, असा ग्रामीण घरांविषयी शासनाचा निर्णय सन २००३ पासून आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे त्या घराच्या भिंती सारविल्या तिचे नाव त्या घराच्या कागदावर नसावे, ही मोठी लाजेची गोष्ट होय. नवरा वारल्यावर तिला "तुझे येथे काय आहे?" असे कोणी विचारू नये, ह्याची व्यवस्था नवऱ्याने जिवंतपणी करावी.

आपल्या मंडळीपैकी कित्येकांस हे ठाऊक नसते की, ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता मरण पावला तर त्याची मिळकत सन १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वाटली जाते. पत्नी व मुले मागे असल्यास एक तृतीयांश पत्नीस मिळते व उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे वाटले जाते. मुलगा व मुलगी ह्यांत भेद नाही. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा बुडत नाही. शेजारच्या हिंदू व बौद्ध कुटुंबांस सन १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो, व त्यातही मुलीस वाटा आहे.

मृत्युपत्र करणे म्हणजे मरण ओढवून घेणे असे कित्येक समजतात. तसे नाही. शुद्धीत असता स्वच्छ शब्दांत लिहावे, स्वतः सही करावी व निदान दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. ज्यास मिळकत द्यावयाची त्याची किंवा त्याच्या जोडीदाराची साक्ष घेऊ नये; घेतल्यास त्यास दिलेले दान निरर्थक होते. नोंदणी करणे सक्तीचे नाही, तरी केलेली बरी. आणि ते कोठे ठेविले आहे हे घरातील एका विश्वासू माणसास सांगून ठेवावे.

७. मनातील थर

आता शेवटचा थर. बांधावरून एकदा शब्द झाला. त्यावर लग्नाचे आमंत्रण गेले नाही. त्यावर आजारात विचारपूस झाली नाही. त्यावर मरणाला कोणी आले नाही. पहिली गोष्ट बोटभर होती. वीस वर्षांत हातभर झाली. मुलांस आता मूळ तंटा काय होता हेही सांगता येत नाही. तरी ते चुलत्याच्या दारावरून मान फिरवून जातात. हे ओझे कोणत्याही कचेरीत उतरत नाही. ते एकानेच आधी जाऊन दार ठोठावल्याने उतरते. "चूक कोणाची" हा प्रश्न तेथे विचारू नये, कारण त्या प्रश्नानेच पहिला थर बसला.

आपल्या माळवदाच्या घराचे पुढे काय झाले? सुनेच्या प्रश्नावर म्हातारा काही वेळ गप्प राहिला. मग कुदळ घेऊन वर गेला व कोपऱ्यात खणू लागला. हात कोपरापर्यंत आत गेला तरी लाकूड लागेना. खाली येऊन तो म्हणाला, "सूनबाई, माझ्या बापाने टाकलेली मातीही अजून तेथेच आहे. मी समजत होतो की मी घर राखीत आलो." त्या दिवशी त्याने तुळईखाली टेकू दिला व पोरांची अंथरुणे दुसऱ्या खोलीत हलविली. पुढच्या आठवड्यात मुलगा व तो माती उतरवू लागले. दोन माणसे कमी पडत होती. तेव्हा म्हातारा, ज्याच्याशी बारा वर्षे बोलणे नव्हते त्या धाकट्या भावाच्या दारी गेला व म्हणाला, "घर आपल्या आबांचे आहे. दोन दिवस हात लाव." भाऊ फावडे घेऊन आला. माती उतरता उतरता दुसरेही काही उतरले, ते वाचकांनीच ओळखावे.

८. पहिल्या आठवड्याचा क्रम

जो घरधनी हा पाठ आचरणात आणू इच्छितो त्याने येणेप्रमाणे करावे.

सोमवारी घराभोवती फिरून पाया, सांडपाणी व भिंती पाहाव्या.

मंगळवारी लाकूड टोचून पाहावे, छपरावरील मातीची जाडी मोजावी, धोक्याच्या जागेखालची अंथरुणे हलवावी.

बुधवारी कर्जाची वही लिहावी, पतिपत्नींनी एकत्र बसून.

गुरुवारी घराचे व शेताचे सर्व कागद एका डब्यात गोळा करावे आणि नावे वाचून पाहावी.

शुक्रवारी ग्रामपंचायतीत किंवा महसूल कचेरीत जो अर्ज द्यावयाचा तो द्यावा, व त्याची पोहोच घ्यावी.

शनिवारी ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या घरी जावे.

रविवारी मंडळीतील ज्या विधवेच्या किंवा वृद्धाच्या घरी कोणी कर्ता नाही, त्यांचे घर चौघांनी मिळून पाहून यावे. मंडळीच्या उपदेशकांनी ह्या कामी पुढाकार घ्यावा. उपासनेसाठी जेथे लोक जमतात त्या इमारतीचे छप्परही विसरू नये. एकाच्या घराखाली पाच माणसे असतात, तिच्याखाली शंभर असतात.

आठ दिवसांत सर्व कामे पुरी होणार नाहीत. पुरी व्हावी अशी अपेक्षाही नाही. परंतु कोणता भार कोठे आहे हे ठाऊक झाले म्हणजे अर्धे काम झाले. वाचकहो, नवीन वर्ष म्हणजे जुन्या वर्षांवर टाकलेली आणखी एक मातीची पाटी होऊ नये. ह्या वर्षी आपण काय वाढविले असे डिसेंबरात कोणी विचारील, त्यापूर्वी काय उतरविले हे आपणांस सांगता यावे.

पाठावरील प्रश्न

१. माळवदावर पुन्हा पुन्हा माती टाकण्याचे कारण काय, व त्यापासून धोका कोणता?

२. सन १९९३ च्या भूकंपात घरे पडण्याची तीन कारणे सांगा.

३. आपल्या घराच्या छपरावर किती माती आहे? मोजून पुढच्या आठवड्यात सांगा.

४. "नवे-जुने" केल्याने कर्ज का कमी होत नाही?

५. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्रावाचून मेला तर पत्नीस व मुलींस किती वाटा मिळतो?

६. आपल्या गावात कोणाचे घर पाहण्यास आपण जावयास पाहिजे? त्यांचे नाव ठरवून, कोण कोण जाणार हे आजच सांगा.